मिठाची पोती उघडून पाहा

दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी नावाच्या भुयाराच्या तोंडाशी उभं राहिलं की आतून वटवाघळांचा उग्र वास येतो. चार पावलं आत गेलं की पुढचा माणूस दिसेनासा होतो. पायऱ्या एका उंचीच्या नाहीत. घरच्या जिन्याच्या सवयीने पाय टाकावा तर ठेच लागते. भुयार वळतं, पुन्हा वळतं आणि वर जिथे संपतं तिथे लोखंडी जाळी टाकून तिच्यावर विस्तव पेटवायची सोय होती. शत्रू इथवर आलाच, तर धुराने गुदमरून मागे फिरावा.

शाळेच्या सहलीपासून मी हा किल्ला पाहत आलोय. गेली कित्येक वर्षं नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे फोन आणि लॅपटॉप हौसेने नीट करून देतोय. कुणाचा फोन मंद झालेला असतो, कुणाचे फोटो गेलेले असतात, कुणाच्या खात्यातून पैसे गेलेले असतात. यातली शेवटची तक्रार घेऊन कुणी आलं की मला हा किल्ला आठवतो, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: इतक्या भक्कम भिंती असून किल्ला पडतो कसा?

एकामागे एक कोट

दौलताबादची, म्हणजे जुन्या देवगिरीची, रचना थरांची आहे. सर्वांत बाहेर शहराला कवेत घेणारा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, मग काळाकोट आणि शेवटी डोंगरावरचा बालाकोट. सुमारे दोनशे मीटर उंचीच्या डोंगराचा पायथा चारी बाजूंनी ताशीव कड्यासारखा तासलेला. त्याभोवती कातळात खोदलेला खंदक, त्यावर एकच अरुंद वाट. दरवाजांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे, आणि एका दरवाजातून सरळ धावत दुसऱ्यावर आदळता येऊ नये म्हणून मध्ये वळणं. एक थर पडला तरी पुढचा उभा राहावा, हा त्यामागचा विचार.

तुमच्या खिशातला फोनही असाच बांधलेला आहे. साठवणीतली सगळी माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असते, आणि ती किल्ली फोनमधल्या सुरक्षित भागात राहते. पिन चुकत गेला की फोन पुढच्या प्रयत्नासाठी थांबायला लावतो. चार आकडी पिनच्या शक्यता १० हजार, सहा आकडीच्या १० लाख; दोन आकडे वाढवले की चोराचं काम शंभर पटीने वाढतं. त्यामुळे सहा आकडी पिन ठेवा, आणि तो जन्मतारीख नसावा.

याच्या आतला थर बहुतेकांना माहीत नसतो. प्रत्येक ॲपला फोनने स्वतंत्र खोली दिलेली असते. कॅल्क्युलेटरला बँकेच्या ॲपमधलं काही दिसत नाही. कॅमेरा, संपर्कयादी, एसएमएस ही प्रत्येकाची वेगळी दारं, आणि ती उघडायची परवानगी तुमच्याकडे मागितली जाते. ‘अनुमती द्या’ या बटणावर आपण जे बोट ठेवतो, ते या किल्ल्याचं दार आतून उघडणारं बोट असतं.

हे जवळून पाहायचं असेल तर लग्नसराईतला तो प्रसिद्ध संदेश घ्या. व्हॉट्सॲपवर एखाद्या ओळखीच्याच नंबरावरून पत्रिका येते. फाइलच्या नावात ‘लग्नपत्रिका’ असतं, पण शेवटी ‘.एपीके’. इथेच थांबायचं. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप, आणि पत्रिका वाचायला नवं ॲप बसवावं लागत नाही. फाइल दाबली की फोन बजावतो, हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय. ती सूचना आपणच ओलांडतो. मग ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, तीही देतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि तुम्ही बघायच्या आत दुसरीकडे पोहोचतो. तुमच्याच संपर्कयादीतल्या लोकांना तुमच्या नावाने तीच पत्रिका जाते. पीएम किसानचा हप्ता, वाहतुकीचं चलन, वीजबिल अशी सोंगं बदलतात, शेवटचं ‘.एपीके’ बदलत नाही. त्यामुळे ॲप फक्त अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावं. हा एक नियम पाळला तर फोनसाठी वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची बहुतेकांना गरज पडणार नाही, असं माझं मत आहे.

धुरळा पाहून पळालेलं सैन्य

आता १२९६ सालात जाऊ. देवगिरीवर रामचंद्रदेव यादव राज्य करत होता. दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या आणि जावई अलाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन अचानक दक्षिणेत उतरला. आज आपण पाहतो त्यातला बराचसा कोट त्या वेळी नव्हता, पण डोंगर होता, बालेकिल्ला होता. युवराज शंकरदेव सैन्यासह बाहेर होता.

इतिहासकार फरिश्त्याने लिहून ठेवलेला वृत्तांत आजच्या कुठल्याही सायबर पोलिसाला ओळखीचा वाटेल. अलाउद्दीनने आवई उठवली की आपण नुसती आघाडी आहोत, मागून सुलतानाची मोठी फौज येते आहे. शंकरदेव परतला, लढाई झाली आणि तिचं पारडं यादवांकडे झुकत होतं. इतक्यात किल्ल्यावर नजर ठेवायला अलाउद्दीनने मागे ठेवलेली नुसरतखानाची हजारभर स्वारांची तुकडी दौडत आली. उडालेला धुरळा पाहून यादवांच्या सैन्याला वाटलं, हीच ती दिल्लीची फौज. सैन्य बिथरलं. खरी फौज आलीच नव्हती; आलेला होता धुरळा, आणि त्याच्या आधी पेरलेली बातमी.

‘डिजिटल अटक’ या नावाने आज जे चालतं ते नेमकं हेच. फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुमच्या आधारवर काळ्या पैशांचं खातं निघालंय. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, शिक्क्यांची कागदपत्रं. सांगतात की फोन बंद करायचा नाही, घरच्यांशी बोलायचं नाही. या शेवटच्या दोन अटींत सगळी चाल दडलेली आहे. घाबरलेला माणूस एकटा असेपर्यंतच फसतो. शेजारच्या खोलीत जाऊन मुलीला विचारलं असतं तर धुरळा तिथेच बसला असता.

भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय यांपैकी कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही किंवा ‘पडताळणीसाठी’ पैसे वळते करायला सांगत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं: थांबा, विचार करा, मग कृती करा. माझ्या अनुभवात या जाळ्यात सापडणारी माणसं अडाणी नसतात. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, डॉक्टर असतात. आयुष्यभर कायदा पाळलेल्या माणसालाच कायद्याच्या नावाची भीती जास्त वाटते. म्हणून अशा माणसाला ‘एवढंही कळलं नाही का’ असं कुणी म्हणू नये. तसं म्हटलं की पुढचा माणूस लाजेने घरी सांगतच नाही.

पोत्यात काय आहे?

रामचंद्रदेव किल्ल्यात टिकून राहिला असता तर? वेढा लांबवता आला असता, कारण कोठारात पोती भरपूर होती. व्यापाऱ्यांनी शहराजवळ टाकलेली ही पोती वेढ्याच्या घाईत धान्याची समजून आत नेली होती. उघडली तेव्हा त्यांत मीठ निघालं. रामचंद्रदेवाला मोठी खंडणी देऊन तह करावा लागला.

पुढे १६३३ मध्ये महाबतखानाने मोगलांसाठी हाच किल्ला घेतला तेव्हा सुरुंगाने अंबरकोट पडला, मग महाकोट पडला. वरचा किल्ला अन्न संपल्यावर मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने स्वाधीन केला. दोन्ही वेळा निर्णय भिंतीपाशी झाला नाही, कोठारात झाला.

संगणकाच्या जगात या कोठाराला बॅकअप म्हणतात, आणि मी पाहिलेले बहुतेक बॅकअप मिठाची पोती आहेत. कपाटात जुनी हार्डडिस्क असते, तिच्यावर चिठ्ठी असते ‘सर्व फोटो’, आणि तीन वर्षांत ती कुणी संगणकाला जोडलेली नसते. जोडली की टकटक आवाज येतो आणि काही दिसत नाही. दुसरा गैरसमज क्लाउडचा. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळवून घेत असतात. इथे फोटो पुसला की तिथलाही पुसला जातो. ती सोय चांगली आहे, पण तिला साठा समजू नये.

जुनाच नियम धरावा: महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एक फोनमध्ये, एक हार्डडिस्कवर, एक क्लाउडमध्ये किंवा भावाच्या घरी. हार्डडिस्क काम झालं की काढून ठेवायची, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जगभर थैमान घातलं तेव्हा आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचंही काम विस्कळीत झालं. बंदरासारख्या यंत्रणेवर ही वेळ येते, तर आपल्या लॅपटॉपचं काय! आणि सहा महिन्यांतून एकदा त्या साठ्यातून एक फोटो, एक सातबारा, एक गुणपत्रिका प्रत्यक्ष परत काढून बघायची. परत काढून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

तुघलकाची नाणी आणि क्यूआर कोड

दौलताबाद हे नाव दिलं मुहम्मद बिन तुघलकाने. १३२७ मध्ये त्याने राजधानी इथे आणायचं ठरवलं आणि त्यानंतर दोनतीन वर्षांत दुसरा प्रयोग केला: तांब्या-पितळेचं नाणं चांदीच्या टंक्याच्या किमतीने चालवायचं. अशी नाणी दौलताबादेतही पाडली गेली. कल्पना वेडगळ नव्हती. आजची नोट हेच करते. कमी पडली ती खूण. अस्सल नाणं ओळखायला त्यावर असं काहीच नव्हतं, जे गल्लीतल्या तांबटाला करता येणार नाही. बनावट नाण्यांचा पूर आला आणि सुलतानाला ती सगळी परत घेऊन बदल्यात चांदी-सोनं द्यावं लागलं.

या गोष्टीतला धडा आजच्या भाषेत असा: जे नुसतं दिसायला अस्सल आहे, त्याची नक्कल होते. बँकेचं बोधचिन्ह, ‘पैसे पाठवले’ असं हिरव्या बरोबरच्या खुणेचं चित्र, क्यूआर कोडचा कागद, सगळं कुणालाही छापता येतं.

हंगामात दौलताबादच्या रस्त्याकडेला सीताफळं, पेरू, अंजिरं घेऊन बायका बसलेल्या असतात. पाटीला टेकवलेला क्यूआर असतो आणि शेजारी छोटा ध्वनिपेटीसारखा स्पीकर. गिऱ्हाईक फोनचा पडदा दाखवून ‘मावशी, झालं बघा’ म्हणतं. मावशी पडद्याकडे बघतच नाहीत. स्पीकर मराठीत रक्कम बोलला की मगच पिशवी हातात देतात. सुरक्षेचं तत्त्व इतकं नीट पाळलेलं मी मोठमोठ्या कार्यालयांत पाहिलेलं नाही. समोरच्याने दाखवलेला पुरावा मानायचा नाही. आपल्या बाजूच्या, वेगळ्या वाटेने आलेल्या खुणेवरच विश्वास ठेवायचा. याला जोडून एक पक्की गोष्ट: यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याकडून जातात.

ही वेगळी वाट चोराने ताब्यात घेतली तर काय होतं, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेने ऑगस्ट २०१८ मध्ये अनुभवलं. एटीएममधून आलेली मागणी बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारून मंजूर व्हायची असते. हल्लेखोरांनी मध्येच खोटा द्वारपाल उभा केला. तो मुख्य यंत्रणेला न विचारता परस्पर ‘मंजूर’ म्हणत राहिला आणि २८ देशांतल्या एटीएममधून नोटा बाहेर पडत राहिल्या. काही रक्कम स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेच्या मार्गाने हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. पहिला घाव पडला तो ११ ऑगस्टला, दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असताना.

आपल्या पातळीवर खूण कशी तपासायची? ब्राउझरमधल्या कुलपाच्या चित्राने फसू नका. ते कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही. समोरचा प्रामाणिक आहे असं ते सांगत नाही. ठगही कुलूप लावून बसतो. पत्ता वाचायला शिका. ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. त्या शेवटच्या तुकड्यात खरा मालक असतो. आधीची ‘एसबीआय’, ‘केवायसी’ ही नावं कुणीही जोडू शकतो. रिझर्व्ह बँकेने आपल्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. हे नाव बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. तुघलकाच्या नाण्याला नव्हती ती खूण इथे आहे.

याहून पक्की खूण म्हणजे पासकी. ओटीपी हा तोंडाने सांगता येणारा आकडा आहे, म्हणून तो फोनवर काढून घेता येतो. पासकीत तुमच्या फोनमध्ये एक गुप्त किल्ली तयार होते आणि ती त्या एकाच संकेतस्थळाच्या खऱ्या नावाशी बांधलेली असते. नाव एका अक्षराने वेगळं असलं तरी फोन ती किल्ली वापरत नाही. तुम्ही फसलात तरी किल्ली फसत नाही. गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल अशा मोठ्या खात्यांवर ती सोय आहे. जिथे असेल तिथे आजच चालू करावी, हे माझं ठाम मत.

खंदकावरची एकच वाट

दौलताबादच्या खंदकावर वाट एकच होती, म्हणून तिथे पहारा सर्वांत कडक. आपल्या डिजिटल घराची तशी वाट म्हणजे मुख्य ईमेल आणि मोबाइल नंबर. ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्याचं उत्तर इथेच येतं. ईमेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं. म्हणून ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या कुठेही वापरलेला नसावा. एका दुकानाच्या संकेतस्थळावरून चोरीला गेलेला पासवर्ड चोर पन्नास ठिकाणी लावून बघतात. विळी, पारंबी, टांगा, चिंच असे एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा. लक्षात राहतात आणि यंत्राला शोधायला जड जातात. छापून आलेले हे चार मात्र नकोत, स्वतःचे घ्या.

बाकीचे पासवर्ड पासवर्ड-व्यवस्थापकात ठेवा. आईवडिलांना ते जमत नसेल तर वहीत लिहून वही कपाटात ठेवली तरी चालेल. हे ऐकून काही तज्ज्ञ नाराज होतील. पण परदेशात बसलेल्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही, आणि सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही कितीतरी बरी. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. गावाकडे अंगठा लावून पैसे काढणाऱ्यांनी आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवावं आणि गरजेपुरतं उघडावं. आधारच्या ॲपमध्ये ती सोय फुकट आहे.

खरेदीबद्दलही थोडं. दुकानात फोन बघताना आपण कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतो. मी आधी विचारतो, सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून, सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं. स्वस्त फोनांत हा काळ पुष्कळ कमी असतो. अपडेट संपलेला फोन म्हणजे डागडुजी थांबलेला कोट. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जुना लॅपटॉप नव्या विंडोजला चालत नसेल तर भंगारात देऊ नका. हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा, लिनक्स टाका. मुलांच्या अभ्यासाला आणि पत्रव्यवहाराला तो आणखी कित्येक वर्षं पुरेल.

आणि तरीही पैसे गेले तर

घड्याळाकडे बघा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यांतून पुढे सरकतायत ती गोठवायचा प्रयत्न सुरू होतो. पहिले काही तास सर्वांत मोलाचे. त्याच वेळी बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नसेल आणि तुमचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास भार तुमच्यावर येत नाही. चूक तुमची असली तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. उशीर कुणाच्याच फायद्याचा नाही, चोराशिवाय.

वाचकहो, या रविवारी एक तास काढा आणि आईवडिलांच्या शेजारी बसा. त्यांच्या फोनचा पिन सहा आकडी करा, नको त्या ॲपची एसएमएसची परवानगी काढून घ्या, १९३० हा नंबर नावाने साठवा. मग बॅकअपमधून एक जुना फोटो परत काढून त्यांना दाखवा. निघाला तर कोठारात धान्य आहे. नाही निघाला, तर शत्रू दारात यायच्या आधी कळलं. रामचंद्रदेवाला ते वेढा पडल्यावर कळलं होतं.